डाव्या खांद्यावरची चावी

केरबा वाघमोडे वारला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि सोमवारी सकाळी तो कामावर हजर झाला.

म्हाळसाला हे कळलं दिल्याच्या पानपट्टीवर. वरच्या पेठेचं पाणी सोडून, चावी नगरपरिषदेच्या मागच्या शेडमध्ये टेकवून ती चहाला आली होती. ही चावी म्हणजे कुलपाची नव्हे. जवळजवळ तिच्याच उंचीची लोखंडी कांब, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, कांब आत उतरवायची आणि मूठ धरून वॉल्व्ह फिरवायचा, की त्या गल्लीला पाणी. धारवण गावात हे काम केरबा करायचा. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर ते त्याच्या पोरीला मिळालं. पोरगी एकोणिसाची. शाळा नववीतच सुटलेली, कारण सरांनी छडी उगारली आणि हिनं डस्टर उगारला. सरांची छडी उगारलेलीच राहिली, हिचा डस्टर मात्र लागला.

"म्हाळू, बोर्ड बघितलास का गं?" पानाला चुना लावता लावता दिल्या म्हणाला. "तुझा बा आलाय कामावर. आणि तू मारलीस दांडी."

पुढच्या क्षणी त्याची कॉलर तिच्या मुठीत होती.

"परत बोल."

"अगं, माझी मान सोड अन् तुझी वळव की!"

तिनं मान वळवली. समोर नगरपरिषदेच्या दारावर महिन्याभरापूर्वी बसवलेला मोठा पडदा होता, चाचण्या संपून आजच चालू झालेला. त्याच्यावर गावच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव आणि नावापुढं ठिपका. कामावर असला तर हिरवा, नसला तर लाल. पाणीपुरवठ्याच्या रकान्यात वरचं नाव होतं केरबा वाघमोडे. हिरवं. त्याखाली म्हाळसा वाघमोडे. लाल.

तिनं दिल्याची कॉलर सोडली, पण हात तसाच हवेत राहिला.

बाकड्यावरचा एक म्हातारा चहा फुंकत म्हणाला, "मी तवाच म्हणलं हुतं. कालव्यातनं काढलेल्या त्या मढ्याला तोंड कुठं हुतं? कुणाचं का असंना. पोरीला नोकरी लागली."

म्हाळसानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं उरलेला चहा बशीत न ओतताच पिऊन टाकला.

पडद्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. गावात त्याला नुसतं 'पातळी' म्हणायचे. झालं होतं असं, की राज्यातल्या नगरपरिषदा, पंचायती, जिल्हा परिषदा यांत खरोखर किती माणसं राबतात हे वर कुणालाच ठाऊक नव्हतं. खालून कागद जायचे. कागदावर एखादं गाव माणसांनी गच्च भरलेलं असायचं, तर एखादं ओसाड, ज्याला जसं सोयीचं पडेल तसं. शेवटी सरकारनं ठरवलं, कागद राहू द्या, पाय मोजा.

पाय मोजायला नवीन काही पुरावं लागलं नाही. इंटरनेटची काचेची तार रस्त्याखालून आधीच गेलेली होती. केसाएवढी बारीक. एका टोकानं तिच्यात उजेडाचा झटका सोडला की बहुतेक उजेड पुढं पळतो, पण कणकण उजेड वाटेतल्या काचेवर आपटून माघारी येतो. वर रस्त्यावर कुणी पाऊल टाकलं की जमीन हादरते, तार डोळ्याला दिसणारही नाही एवढी ताणते, आणि माघारी येणारा उजेड तेवढाच बदलतो. यायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते, आणि कसा बदलला त्यावरून पाऊल. कुणी टाच घासतं, कुणी चवड्यावर चालतं, कुणाचा एक पाय जड पडतो. हजारो पावलं ऐकून ऐकून मशीन शिकलं होतं, आपण दारामागून घरच्या माणसाची चाहूल ओळखतो तसं.

दर गावाला एक रेषा आखून दिली होती. कामावरची माणसं रेषेच्या वर असली तर ठीक. खाली गेली तर ते खातं उचलून ठेकेदाराच्या पदरात. ठेकेदाराची माणसं कुठल्या रेषेत मोजायची, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी मुख्याधिकारी सरनाईकांनी तिला आत बोलावलं. सरनाईक बोलताना कधी आवाज चढवायचे नाहीत, म्हणूनच म्हाळसाला ते आवडायचे नाहीत.

"बस."

"उभीच बरी हाय, साहेब."

"तुझं हे काय चाललंय? चाचणीच्या नोंदी बघितल्या, तू रोज दुपारी उगवतेस. सकाळी तुझी चाल कुठंच दिसत नाही. सकाळी दिसतात ते तुझे वडील."

"सकाळी मीच पाणी सोडते! निम्म्या गावाला विचारा."

"निम्म्या गावाला विचारलं तर निम्मं गाव सांगतंय की केरबा जिवंत आहे आणि बापलेक मिळून सरकारला फसवतायत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत बसवलं. "शनिवारी वरून तपासणी आहे. वडील हयात असतील तर तुझी ऑर्डर रद्द. आणि प्रेत ओळखलं होतं ते तुझ्या आईनं. पोलिसांपुढं. तिच्यावर गुन्हा दाखल होईल. मला हे करायला आवडेल असं नाही."

"पण कराल."

"शनिवारपर्यंत काय ते सांग."

बाहेर पडताना तिच्या डोक्यात एकच विचार ठणकत होता. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. सरनाईकांचा कुणी भाचा-पुतण्या असेल नोकरीच्या वाटेवर. नाहीतर तो वरच्या खोलीतला कंपनीचा इंजिनिअर. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसतो, कुणाशी बोलत नाही. असल्या माणसाचा काय भरवसा?

आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक विचार होता. त्याच्याकडं ती बघायचंच टाळत होती.

घरी तिची आई, गोजराबाई, पापड लाटत होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, हे तिच्या गप्प बसण्यावरूनच कळत होतं. एरवी कुणी केरबाचं वाकडं बोललं तर लाटणं घेऊन दारापर्यंत जाणारी बाई ती.

"आई, आबाला कालव्याच्या दारातनं काढलं तवा तू नीट बघितलं हुतंस ना?"

"बघितलं की."

"तोंड?"

"इतकं दिवस पाण्यात राहिल्यावर तोंड राहतंय का कुणाचं?"

"मग वळखलंस कशावरनं?"

"सदऱ्याच्या बटनावरनं. तुटलं हुतं, म्या लावलं हुतं. काळ्या दोऱ्यानं. पांढरा संपला हुता."

"काळा दोरा काय आपल्याच घरात असतोय व्हय?"

गोजराबाईनं लाटणं उचललं. म्हाळसा सवयीनं मागं सरकली. पण आईनं दुसरी लाटी घेतली आणि खाली मान घालून लाटायला लागली. फेकून मारलं असतं तर म्हाळसाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं एक भाकरी जास्त केली. चटणी घालून फडक्यात बांधली, पदराखाली घेतली आणि "सरपणाचं बघून येते" म्हणून निघाली. घरात गॅस आल्याला जमाना झाला होता. म्हाळसा शेडमधून चावी घ्यायला जायची सोडून तिच्या मागं निघाली.

आई बाजारपेठ सोडून जुन्या टाकीच्या अंगाला वळली. तिथं करंजाच्या सावलीत एक चेंबर होता. केरबा त्याच्या झाकणावर बसून न्याहारी करायचा. आईनं फडकं सोडून भाकरी झाकणावर ठेवली, पलीकडं जाऊन बांधावर बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली. कुत्रं आलं, त्याला तिनं खडा मारला. परत रस्त्याकडं बघायला लागली.

म्हाळसाला राहवलं नाही. ती करंजाआडून बाहेर आली.

"कुठं लपवलायस त्याला?"

आई दचकली नाही. "तूच सांग की मला," ती म्हणाली. "त्या मशीनला दिसतोय, गावाला दिसतोय, मग मलाच का दिसंना?"

"म्हंजी तुला ठाऊक नाय?"

"कालपासनं डोकं फिरलंय बघ. त्या दिवशी समद्यांना घाई हुती. पोलीस म्हणला, बाई, हो म्हणा, बॉडी जास्त वेळ ठेवता येत नाय. म्या बटन बघितलं अन् हो म्हणलं. हो म्हणायच्या आदी येकदा हात लावून बघितलं असतं तर..." तिनं डोळ्याला पदर लावला नाही, नुसता हातात धरून ठेवला. "म्या जित्या माणसाला जाळलं असंल का गं? म्हंजी दुसऱ्याच कुणाला जाळलं, अन् ह्यो वाट चुकून फिरतोय?"

रात्रभर जिला म्हाळसा चोर समजत होती, ती बाई भाकरी घेऊन नवऱ्याची वाट बघत बसली होती.

त्या दिवशी पाणी उशिरा सुटलं. बाया दारात घागरी घेऊन ओरडत होत्या, म्हाळसा उलटून ओरडत होती, आणि प्रत्येक झाकणावर तिनं चावी अशी आदळली की आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

दुपारी ती सरळ वरच्या मजल्यावर गेली आणि दार न वाजवता आत घुसली. इरफान मुजावर डबा खात होता. जिल्ह्याच्या गावाहून आलेला, पंचविशीतला, जाड चष्म्याचा. त्यानं घास खाली ठेवला.

"ओ इंजिनिअर, माझी हजेरी आबाच्या नावावर कुणी घातली?"

"ताई, हातानं काही घालता येत नाही इथं. मशीन ऐकतं आणि मशीनच लिहितं."

"मग दाखवा आबा कुठं फिरतोय ते. आत्ताच्या आत्ता."

इरफाननं हात पुसले आणि नकाशा उघडला. सकाळच्या वाटेची हिरवी रेघ होती. जुनी टाकी, वरची पेठ, कासार गल्ली, शाळेची मागची बाजू. म्हाळसा याच वाटेनं गेली होती. म्हणजे आबा तिच्या पुढं होता, का मागं?

"मला तो ऐकायचाय."

"काय?"

"तुमी कानाला लावून बसता ना दिवसभर? मग मलाबी ऐकू द्या."

"मी गाणी ऐकतो, ताई," इरफान ओशाळून म्हणाला. पण तारेची थरथर आवाजात बदलता यायची. त्यानं हेडफोन तिच्याकडं दिला. "आधी हा तुमच्या वडलांचा जुना नमुना. यावरूनच मशीनला त्यांची चाल शिकवली. त्यांची पेन्शनची फाईल अजून बंद झालेली नाही, म्हणून नाव यादीत राहिलं होतं."

आधी नुसती खरखर. मग लांबून पावलं आली. धप्प, टप. धप्प, टप. डावा पाय जड, उजवा हलका, आणि दोन्हींच्या मधे बारीकसा हेलकावा, खांद्यावर चावी हलते त्याचा. लहानपणी म्हाळसा या चालीच्या मागं पळत जायची. पावलं थांबली. ठण्, ठण्. झाकणावर दोन ठोके.

हे ठोके गावात केरबाच मारायचा. चेंबरच्या अंधारात विंचू असतो, कधी साप. पोरगी पहिल्यांदा त्याच्याबरोबर कामावर आली त्या दिवशीच त्यानं तिला शिकवलेलं. "आदी दार वाजवायचं, म्हाळू. खालच्याचं घर हाय ते. दोन ठोकं मारलं की त्यो वाट काढतो. तिसरा मारायचा नाय. तिसरा मारला की त्याला वाटतं, ही भांडायला आली."

"आणि हे आज सकाळचं," इरफान म्हणाला.

धप्प, टप. धप्प, टप. तोच हेलकावा. तीच चाल. म्हाळसानं टेबलाची कड घट्ट धरली. पावलं थांबली. ठण्, ठण्.

ठण्.

तिनं हेडफोन काढला. उजव्या तळहाताकडं बघितलं. सकाळी झाकणावर रागानं चावी आदळताना तिथं साल निघालं होतं.

"ह्यो आबा नाय," ती म्हणाली.

"ताई, मशीनचा अंदाज सहसा..."

"आबा तिसरा ठोका मारायचा नाय. मेला तरी मारायचा नाय. ही मी हाय."

इरफाननं चष्मा वर सरकवला, दोन्ही आवाज परत ऐकले, मग चालनोंदणीच्या दिवशीचा व्हिडिओ काढला. महिन्याभरापूर्वी जिल्ह्याहून पाहुणे आले होते. तारेवरच्या रस्त्यावर गालिचा अंथरला होता. सगळ्या कर्मचाऱ्यांना कोरे गमबूट वाटले, एकेकाला गालिच्यावरून चालवलं, फोटो काढले, आणि पाहुण्यांची गाडी वळताच गमबूट परत गोळा करून कोठीत ठेवून दिले. व्हिडिओत म्हाळसा मोकळ्या हातानं, बुटात पाय घसरू नयेत म्हणून जपून जपून चालत होती.

"मशीन तुमची चाल म्हणून ही शिकलं," इरफान कपाळाला हात लावून म्हणाला. "बूट, गालिचा, रिकामे हात. आणि वडलांची शिकलं ती कामावरची, डाव्या खांद्यावर चावी घेतलेली. आता तुम्ही तीच चावी त्याच खांद्यावर घेऊन त्याच वाटेनं जाता. वजनही तसंच असेल."

"आबा चिपाडच हुता माझ्यासारखा."

"म्हणून सकाळी ते दिसतात. दुपारी तुम्ही मोकळ्या हातानं फिरलात की तुम्ही दिसता."

"म्हंजी तुमच्या मशीननं मला नवरीसारखं मिरवताना बघितलं, अन् कामावरच्या बाईला वळखलंच नाय." ती हसली, आणि हसता हसता थांबली. तिच्या डोळ्यांत पुन्हा संशय आला. "पण एक सांगा. पातळी आली महिन्यापूर्वी. आबा गेला त्याला दोन वर्षं झाली. मग त्याचा आवाज तुमच्याकडं कुठनं?"

इरफान चाचरला. "तार पुरली तेव्हापासूनची नोंद आहे. कुणी खोदकाम करून तार तोडू नये म्हणून कंपनी थरथर साठवायची."

"तवापासनं ऐकताय."

"मी नाही. कंपनी."

"तार कुठपतुर जाती?"

"तलावावरच्या जॅकवेलपर्यंत. पंपहाऊसला इंटरनेट दिलं होतं."

जॅकवेल म्हणजे तलावात उभी असलेली विहीर, जिच्यातून पंप पाणी खेचतो. काठापासून तिच्यापर्यंत लोखंडी पूल होता, आणि पुलापलीकडंच कालव्याचं दार, तलावातून कालवा सुटतो ते. केरबा शेवटचा तिकडं गेला होता, असं म्हणायचे. बघितलेलं कुणीच नव्हतं.

"मग त्याचा शेवटचा दिवसबी असंल तुमच्यात."

"ते ऐकवायला परवानगी लागते, ताई."

"आबाच्या पायाची परवानगी कुणाकडनं आणू? नाव सांगा, आत्ता जाऊन आणते."

इरफाननं डब्याचं झाकण लावलं. "उद्या जेवणाच्या सुट्टीत या," तो म्हणाला. "आईंना घेऊन या."

गोजराबाई धुवट लुगडं नेसून आली, देवळात जावं तशी. हेडफोन डोक्यावर घालायला ती तयार होईना, म्हणून म्हाळसानं एक बाजू तिच्या कानाशी धरली आणि दुसरी आपल्या.

धप्प, टप. गोजराबाईचा हात आपोआप पदराकडं गेला. "आलं," ती पुटपुटली. रोज संध्याकाळी दाराशी पावलं वाजली की ती असंच म्हणायची.

मातीतला आवाज बदलला. लोखंडी पूल लागला होता, पाऊल खणखणत होतं. मग थांबलं. ठण्, ठण्. झाकण घासत सरकल्याचा कर्कश आवाज आला. मग काहीतरी एकदाच जोरात आदळलं.

मग पंपाची घरघर.

इरफाननं नोंद पुढं सरकवली. घरघर. आणखी पुढं. घरघर. पुलावरून माघारी येणारं पाऊल नव्हतं. त्यानं दिवस पुढं सरकवला, तरी नव्हतं.

"बास कर, लेकरा," गोजराबाई म्हणाली. तिनं हेडफोन हळूच टेबलावर ठेवला, झोपलेलं पोर ठेवावं तसा. "बटन माझंच हुतं."

जिना उतरताना ती एकदाच बोलली. "उद्यापासनं दोनच भाकरी करीन."

शुक्रवारी म्हाळसा इरफानला घेऊन सरनाईकांपुढं उभी राहिली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. नको तितक्या शांतपणे.

"म्हणजे प्रश्न मिटला," ते म्हणाले. "तुझी नोकरी राहिली, आईवर गुन्हा नाही. छान. आता मशीनला हात लावू नका."

"म्हंजी?"

"पाणीपुरवठ्यात जागा दोन. एक कित्येक दिवस रिकामी. पण सकाळी केरबा दिसतो, दुपारी तू दिसतेस. दोन्ही जागा भरलेल्या. आपण रेषेच्या वर आहोत. केरबा गेला की रेषेखाली. मग ठेकेदार येईल, आणि तो तुला ठेवेलच असं नाही." त्यांनी पेनाचं टोपण बसवलं. "वडील बोर्डावर राहू देत. तुझं काय जातंय?"

पटण्यासारखंच होतं. कुणालाही पटलं असतं. पण म्हाळसाचं लक्ष त्यांच्या टेबलाकडं होतं. प्रेत ओळखल्याचा आईचा पोलिसांतला जुना जबाब सरनाईकांनी मागवून घेतलेला होता, आणि बोलता बोलता त्यांनी तो फाडला नाही की परत पाठवायला बाजूला काढला नाही. खणात ठेवला.

आज केरबा यांच्या सोयीचा म्हणून जिवंत. उद्या गैरसोयीचा झाला, नाहीतर ही पोरगी उलट बोलली, की खण उघडायचा. केरबा जिवंत आहे, बोर्ड साक्षीला आहे, आणि बाई खोटं बोलली.

"बरं, साहेब," ती म्हणाली. ती एवढ्या सहज बरं म्हणाली की इरफाननं वळून तिच्याकडं बघितलं.

शनिवारी सकाळी शेडमधून निघताना तिनं चावी उजव्या खांद्यावर घेतली.

कांब नव्या जागी रुतली. चाल वेडीवाकडी झाली. पाय कुठं टाकावा कळेना, वळणावर मूठ खांबाला लागली. पहिल्या चेंबरपाशी हात सवयीनं चावी आपटायला वर गेला. तिनं तो आवरला आणि झाकणावर टाच आपटली. दोनदा. मग वॉल्व्ह फिरवला. खालून पाणी धावत गेल्याचा आवाज आला, आणि तिला एकदम वाटलं, आपण कुणाला तरी मागं रस्त्यात उभं करून आलो. ती वळून बघत बसली नाही. पुढच्या चेंबरकडं निघाली.

ती नगरपरिषदेपाशी पोचली तेव्हा अंगणात मांडव होता, खुर्च्या होत्या, आणि वरून आलेल्या तपासणी अधिकारी बाई पडद्याकडं बघत उभ्या होत्या. पाणीपुरवठ्याच्या रकान्यात केरबा लाल होता. म्हाळसाही लाल. डाव्या खांद्याची चाल नव्हती, गालिच्यावरची चालही नव्हती. ही तिसरीच चाल मशीनला ओळखू येत नव्हती. धारवण रेषेच्या पार खाली गेलं होतं.

आणि अंगणातला नळ धो धो वाहत होता. बाया घागरी भरत होत्या, एक पोरगं खाली डोकं घालून उभं होतं.

"ओ साहेब," पानपट्टीवरून दिल्या ओरडला, "बोर्डावर तर कुणीच नाय. मग हे पाणी कोण सोडतंय, तुमी?"

बाया खदखदून हसल्या. सरनाईकांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "वाघमोडे! कुठं होतीस?"

म्हाळसा चावीसकट पुढं आली. पुरलेल्या तारेवरून चालत, पडद्याखाली येऊन उभी राहिली. डोक्यावर तिचंच नाव लाल दिसत होतं.

"ही काय, इथं उभी हाय. आता बोर्डाला इचारा मी कुठं हाय ते." मग ती बाईंकडं वळली. "मॅडम, ह्या बोर्डावर आठवडाभर माझा मेलेला बाप कामाला हुता, तवा साहेब खूश हुते. आज मी जिती कामाला हाय तर गाव रेषेखाली गेलं. कुणाकुणाचे पाय असं मोजलेत ते आदी बघा."

बाईंनी नळाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, मग सरनाईकांकडं. सरनाईक पेनाचं टोपण शोधत होते.

दुपारपर्यंत सगळं बाहेर आलं. झाडूवाल्यांची नोंद हातगाड्यांशिवाय झाली होती, दिवाबत्तीवाल्याची शिडीशिवाय. कामावरची खरी चाल एकाचीही मशीनला माहीत नव्हती. चालनोंदणी नव्यानं, आपापल्या हत्यारासकट आणि आपापल्या चपलेत करायचा हुकूम निघाला. तोवर धारवणची रेषा कुणी धरायची नाही. गोजराबाईचा जबाब बाईंनी स्वतः खणातून काढायला लावला आणि 'मृत्यू कायम' असा शेरा मारून पोलिसांकडं परत पाठवला.

म्हाळसाचा नंबर आला तेव्हा इरफान तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, डाव्या खांद्याची चाल तुमच्या नावावर गेली की वडलांची जुनी पुसली जाईल. चावी डावीकडं घ्या, सवयीचं आहे. ती चाल तुमचीच होईल."

गोजराबाई मांडवाच्या कडेला फडक्यात भाकरी घेऊन उभी होती. या वेळी ती रस्त्याकडं बघत नव्हती. लेकीकडं बघत होती.

"उजवा लिहा," म्हाळसा म्हणाली. "डावा आबाचा हाय."

"उजवा खांदा सोलून निघालाय तुमचा."

"पडंल घट्टा. आबालाबी पडला हुता."

तिनं चावी उजवीकडं सावरली आणि तारेपाशी आली. रस्ता नेहमीसारखाच होता. धूळ, खडी, पानाच्या पिचकाऱ्या. खाली काही आहे, असं कुणाला वाटलंही नसतं. पण ते होतं. ऐकत होतं. आबाचं शेवटचं पाऊलही त्यानं ऐकलं होतं आणि दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

निघायच्या आधी म्हाळसानं रस्त्यावर टाच आपटली. एकदा. दोनदा.

मग थोडं थांबून, सगळा जोर लावून, तिसऱ्यांदा.